पाण्याखालची दिवेलागण

घोडनदी, 1820 चं दशक

शिरूरच्या छावणीपासून थोडं खाली, घोडनदीच्या वाळूत तुम्ही उभे आहात. पलीकडचा काठ नगर जिल्ह्याचा. पेशवाई बुडून दहा वर्षंही उलटलेली नाहीत. चैत्र लागलाय, नदीची धार बारीक झालीय आणि पाणी डोहाडोहांत साचून राहिलंय. एका डोहातून नुकतंच जाळं ओढलं गेलंय. वाळूवर हातभर लांबीचा, मोठाल्या खवल्यांचा मासा कल्ले उघडत-मिटत पडला आहे.

त्याच्याशेजारी मापं घेत बसलेला साहेब म्हणजे विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारनं 1824 मध्ये त्याला दख्खनची सांख्यिकी गोळा करायला नेमलं. 1831 पर्यंत तो या मुलखात फिरेल आणि माणसं, पिकं, पाऊस, पक्षी, मासे अशी सगळ्यांची नोंद करेल. माशांची इथली नावं तो जशी ऐकू येतात तशी लिहून घेतो. 1839 मध्ये ती लंडनला छापून येतील: कोळस, नुकता, बोगट, घोगरा. समोरच्या माशाला तो 'मसुल्ला' म्हणेल आणि ठिकाण म्हणून शिरूरजवळची हीच नदी लिहील.

साइक्स तोंडापासून शेपटीपर्यंत माप घेतो, परांतले काटे मोजतो. तुम्ही डोळ्यापाशी थांबा. नीट वाकून पाहा. त्याला पापणी नाही. डोक्यावर ऊन तळपतंय, तरी बाहुली तसूभर आकसलेली नाही. बहुतेक अस्थिमत्स्यांची बाहुली आकसतच नाही. तुम्ही उन्हात आलात की तुमची बाहुली लहान होते, सावलीत शिरलात की मोठी होते. या माशाकडं ती सोय नाही. मग भर दुपारी उथळ पाण्यात त्याचे डोळे दिपत कसे नाहीत? आणि अवसेच्या रात्री त्याच डोहात त्याला दिसतं तरी कसं?

उत्तर डोळ्याच्या मागच्या पडद्यात, दृष्टिपटलात आहे. साइक्सच्या मोजपट्टीला आणि भिंगाला ते लागणार नाही. त्यासाठी तुम्हाला दीडशे वर्षं पुढं जायचंय. वाटेत एक थांबा सह्याद्रीत आहे.

भंडारदरा, 10 डिसेंबर 1926

अकोले तालुक्यातली कडाक्याची थंडी. रतनगडाच्या अंगावरून निघालेली प्रवरा जिथं डोंगरांच्या खिंडीतून बाहेर पडते, तिथं 1910 पासून एक दगडी भिंत चढत होती. आज ती 82 मीटर उंच उभी आहे आणि मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन तिचं उद्घाटन करताहेत. समारंभ वर चालू द्या. तुम्ही भिंतीच्या मागच्या अंगानं पाण्यात उतरा.

पावसाळ्यात खळाळणारी आणि उन्हाळ्यात गुडघाभर होणारी नदी इथं पहिल्यांदाच इतकी खोल थांबली आहे. पृष्ठभागाजवळ सगळे रंग दिसतात. दोन-चार परस खाली गेलात की निळा आणि जांभळा विरत जातो. समुद्राच्या नितळ पाण्यात उलट घडतं: तिथं तांबडा आधी संपतो आणि निळा खोलवर पोचतो. पण सह्याद्रीच्या पावसानं ओढून आणलेली माती आणि कुजलेला पालापाचोळा निळा प्रकाश आधी गिळून टाकतात. खाली उरतो तो पिवळट-तांबूस उजेड.

गोड्या पाण्यातल्या माशांचे डोळे अशाच उजेडासाठी घडलेले असतात. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जॉर्ज वाल्ड ते दाखवून देईल. माणसाच्या डोळ्यातलं रंगद्रव्य जीवनसत्त्व 'अ' पासून बनतं. गोड्या पाण्यातले कितीतरी मासे त्याच जीवनसत्त्वाचा थोडा वेगळा प्रकार, 'अ-2', वापरतात. त्याच्या रेणूत एक दुहेरी बंध जास्त असतो. तेवढ्या एका बंधामुळं रंगद्रव्याची पकड तांबड्या बाजूला सरकते आणि गढूळ पाण्यात उरलेला उजेड वाया जात नाही. वाल्डला त्याच्या डोळ्यावरच्या कामासाठी 1967 चं नोबेल मिळेल.

रंगांचं गणित सुटलं. दिवस-रात्रीचं कोडं अजून तसंच आहे. त्यासाठी आता जपानला चला.

टोकियो, 1967

केइओ विद्यापीठातली अंधारी खोली. त्सुनेओ तोमिता आणि त्यांचे सहकारी एका छोट्या बशीवर वाकलेत. बशीत कार्प माशाचं दृष्टिपटल आहे. आपल्याकडच्या मासळीबाजारात सायप्रिनस म्हणून विकला जातो, तोच हा मासा. काम सुरू करण्याआधी त्याला अंधारात ठेवलं होतं. उजेडातल्या माशाचं दृष्टिपटल काढायला गेलं की मागचा काळा थर त्याला चिकटून येतो. अंधारातल्या माशाचं मात्र अलगद सुटतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिचं कारण मुळा धरणावर कळेल.

तोमितांच्या हाताशी काचेची पोकळ सुई आहे. तिचं टोक एका मायक्रोमीटरहूनही बारीक आहे. ते एका शंकुपेशीत शिरवायचंय. या पेशी दिवसा रंग पाहतात, आणि इतक्या चिमुकल्या असतात की सुई खाली रेटली तर त्या बाजूला सरकतात. म्हणून तोमितांनी पद्धतच उलटी केली: सुई स्थिर ठेवायची आणि खालचं पटल झटक्यानं वर उसळवायचं. बसले अनेक झटके, आणि एकदा टोक बरोबर आत शिरलं.

दिवा लावतात. काटा खाली जातो.

इथं थबका. शरीरातली चेतापेशी उत्तेजित झाली की तिचा विद्युतदाब वर चढतो, हे तेव्हाचं प्रत्येक पुस्तक सांगतं. इथं पेशीवर उजेड पडला आणि दाब आणखी ऋण झाला. तोमितांना कार्पमध्ये तीन तऱ्हेच्या शंकुपेशी सापडल्या. एक तऱ्हा साधारण 462 नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देणारी, दुसरी 529 च्या हिरव्याला, तिसरी 611 च्या तांबड्याला. तिन्हींचा काटा उजेडात खालीच गेला.

आता लहान व्हा, इतके लहान की तुम्हाला शंकुपेशीच्या आत उभं राहता येईल. खोलीतला दिवा विझलेला आहे. तुमच्या भोवती सीजीएमपी नावाचे रेणू तरंगताहेत. त्यांनी पेशीच्या कातडीतल्या वाहिन्या उघड्या धरून ठेवल्यात. त्यांतून सोडियमचे आयन सतत आत येतात, पेशीचा दाब वर राहतो आणि पेशीच्या दुसऱ्या टोकाशी कॅल्शियम आत झिरपतं. तिथं इवल्या इवल्या पिशव्या एकामागून एक फुटताहेत. त्यांतून बाहेर पडतं ते ग्लुटामेट, अजिनोमोटोत असतं तेच. घोर अंधार आहे आणि पेशी अखंड बोलते आहे.

दिवा लागतो. प्रकाशाचा एक कण रंगद्रव्याच्या एका रेणूला वाकवतो. तो रेणू पुढच्या प्रथिनाला जागं करतो, ते प्रथिन एका विकराला कामाला लावतं आणि तो विकर सीजीएमपी तोडत सुटतो. वाहिन्या मिटतात. दाब उतरतो. ग्लुटामेट आटतं. पेशी गप्प होते. उजेडाची बातमी पुढं पोचते ती या गप्प होण्यातून.

तुमच्या समोर द्विध्रुवी पेशी आहेत. त्यांतली एक जात ग्लुटामेट आलं की जागी होते, तर दुसरी ग्लुटामेट थांबलं की जागी होते. त्यामुळं एकाच शंकुपेशीच्या बोलण्यातून 'इथं अंधार झाला' आणि 'इथं उजेड झाला' या दोन वेगळ्या बातम्या मेंदूकडं निघतात. बाजूला पसरलेल्या आहेत आडव्या पेशी. 1953 मध्ये गुन्नार स्वेतिचिनला माशाच्या दृष्टिपटलात दिवा असेपर्यंत टिकणारे मंद विद्युतसंकेत मिळाले होते. ते शंकुपेशींचेच असावेत असं त्याला वाटलं. पुढं ठरलं की ते आडव्या पेशींचे आहेत. त्याच्या आद्याक्षरावरून त्यांना आजही 'एस-पोटेन्शियल' म्हणतात. आणि 1968 मध्ये मॉस्कोच्या त्रिफोनोव्हनं अनुमान मांडलं की या आडव्या पेशींपर्यंत येणारा रासायनिक निरोप अंधारात वाहतो आणि उजेडात थांबतो. तुम्ही जे आत उभं राहून पाहिलंत, ते त्यानं बाहेरून विजेचे झटके देऊन ताडलं होतं.

लुंड, 1969, कानाझावा, 1983

आता स्वीडनमधलं लुंड. याच विद्यापीठात 1957 च्या सुमारास आर्विड कार्लसननं डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे हे दाखवायला सुरुवात केली होती. इथल्या फाल्क आणि हिलार्प यांनी तो निरोप्या डोळ्यांनी पाहण्याची रीत शोधली: ऊती वाळवायची, फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत ठेवायची, की डोपामिन असलेल्या पेशी हिरवट उजळतात. बर्न्ट एहिंगर आणि त्याचे सहकारी तीच रीत माशाच्या दृष्टिपटलाला लावताहेत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्याच पेशी उजळल्यात. त्यांचे धागे मात्र उलट्या दिशेनं, मेंदूच्या बाजूकडून प्रकाशपेशींच्या बाजूकडं चाललेत. 1975 मध्ये जॉन डाउलिंग आणि एहिंगर या पेशींची जोडणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवतील. एकाच शोधनिबंधात दोन प्राणी असतील, गोल्डफिश आणि माकड.

हे उलटे धागे काय सांगतात? त्यासाठी जपानच्या कानाझावा विद्यापीठात 1983 साली या. तेरानिशी, नेगिशी आणि काटो यांनी पुन्हा कार्पचंच दृष्टिपटल बशीत घेतलंय. एका आडव्या पेशीत ते पिवळा चमकणारा रंग सोडतात. बघता बघता रंग शेजारच्या पेशीत जातो, तिच्या शेजारणीत जातो, पार पसरतो. जुन्या गावात एकाला एक लागलेल्या घरांच्या मधल्या भिंतींना दारं असावीत, तशा या पेशी एकमेकींना सूक्ष्म वाहिन्यांनी जोडलेल्या आहेत. आता ते बशीत डोपामिन घालतात आणि दुसऱ्या एका पेशीत रंग सोडतात. या खेपेला रंग बराचसा त्याच पेशीत राहतो. दारं लागली आहेत.

आतला मार्ग असा आहे: डोपामिन आडव्या पेशीवरच्या ग्राहीला जाऊन बसतं, पेशीत सीएएमपी नावाचा रेणू वाढतो, तो एका विकराला चेतवतो आणि त्या विकराच्या कामानं पेशींमधल्या वाहिन्या मिटू लागतात. वाहिन्या उघड्या असताना आडव्या पेशी दूरदूरचा उजेड एकत्र करून पाहतात. मंद उजेडात हे सोयीचं असतं. वाहिन्या मिटल्या की प्रत्येकीचं क्षेत्र लहान होतं. भरपूर उजेडात बारकावे टिपायचे असताना हे हवंच. म्हणजे डोपामिन चित्र नेत नाही. दिवस आहे की रात्र, त्याप्रमाणे पाहण्याची रीत बदला, हा निरोप ते सगळ्या दृष्टिपटलाला देतं. रात्रीच्या बाजूनं असाच निरोप मेलाटोनिन देतं. एक वाढलं की दुसरं दबतं.

आणखी मागं: पन्नास कोटी वर्षं

डाउलिंग आणि एहिंगर यांच्या त्या निबंधात मासा आणि माकड शेजारी का बसले, हे समजायला तुम्हाला एक मोठी झेप मागं घ्यायची आहे. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरून निघा. पायाखालचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहत होता. त्याच्याही मागं जा. सह्याद्री नाही, दख्खनचं पठार नाही, प्रवरा नाही. डायनोसॉर नाहीत, जमिनीवर झाडं नाहीत. जवळजवळ पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात तुम्ही आहात. शेजारून जबडा नसलेला, बोटाएवढा एक प्राणी पोहत जातो. आजच्या लँप्री माशांचे आणि आपले पूर्वज तेव्हाच वेगळे झाले असं मानतात. आणि दोघांच्याही डोळ्यांत आज तीच बांधणी सापडते: भिंग, मागं प्रकाशपेशी, त्यांच्यापुढं द्विध्रुवी पेशी, आडव्या पेशी, तीच थरांची रचना. वारसा वाटून घेण्याआधीच तो जमलेला होता.

म्हणून ग्लुटामेट, डोपामिन आणि मेलाटोनिन ही नावं कार्पच्या डोळ्यात वाचली तरी ती तुमच्याही डोळ्याची असतात. तुमच्या शंकुपेशीही अंधारात बोलतात आणि उजेडात गप्प होतात. पार्किन्सनच्या रुग्णांच्या दृष्टिपटलात डोपामिन घटलेलं आढळलंय आणि त्यांना फिकट-गडदातला फरक ओळखणं जड जातं. मुलं दिवसाउजेडी बाहेर खेळली तर चष्मा लागण्याचा धोका कमी होतो, असं चाचण्यांतून दिसलंय. त्यामागं उजेडानं दृष्टिपटलात वाढणारं डोपामिन असावं, हे आजचं एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. बशीत ठेवलेल्या माशाच्या दृष्टिपटलातून जी भाषा वाचायला आपण शिकलो, ती आता मुलांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात उपयोगी पडते आहे.

मुळा धरण, आजची संध्याकाळ

राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरच्या अंगानं तुम्ही ज्ञानेश्वरसागराच्या काठावर पोचलात. दिवस कलला आहे. एक मच्छीमार ट्रकच्या ट्यूबवर बसून तंगूसाचं जाळं पाण्यात सोडत चाललाय. तुम्ही विचारलंत तर तो हात न थांबवता सांगेल, "उजेड हाय तवरच लावायचं, पाव्हणं. मासळी हलती ती दिस बुडताना अन् तांबडं फुटताना." जाळं पहाटे निघेल.

पाण्याखाली सायप्रिनस आहेत. या माशाची एक जात 1939 मध्ये सिलोनहून उटीला आली, दुसरी 1957 मध्ये बँकॉकहून कटकला. तिथून ती देशभरच्या धरणांत पसरली. तोमितांच्या सुईखाली होता, तोच हा मासा. आता शेवटच्या खेपेला लहान व्हा आणि त्याच्या डोळ्यात शिरा.

दिवसभर इथं डोपामिनचं राज्य होतं. शंकुपेशी आखडून पुढं, उजेडाच्या बाजूला आल्या होत्या. रात्री पाहणाऱ्या दंडपेशी लांबून मागच्या काळ्या थरात दडल्या होत्या, आणि त्या थरातलं काळं रंगद्रव्य पसरून त्यांना झाकत होतं. टोकियोत उजेडातल्या माशाचं पटल काळ्या थराला धरून का बसत होतं, ते हे. मागचा थर आणि पेशी एकमेकांत गुंतलेल्या असतात.

सूर्य मावळतीला टेकतो. डोपामिन उतरू लागतं, मेलाटोनिन चढू लागतं, प्रकाशपेशींच्या आत सीएएमपी वाढतं. काळं रंगद्रव्य मागं सरकून गोळा होतं. शंकुपेशी लांब होत मागं जातात, दंडपेशी आखडून पुढं येतात. आडव्या पेशींमधली दारं उघडतात. दिवसा शंकुपेशींच्या टोकांत खुपसलेले आडव्या पेशींचे इवले काटे मागं घेतले जातात. हा सगळा पालट व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, काही माशांत त्याहून जास्त. कित्येक जातींत तर मासा अखंड अंधारात ठेवला तरी संध्याकाळच्या वेळेला ही हालचाल सुरू होते, कारण डोळ्याला स्वतःचं घड्याळ आहे. बाहुली न आकसणारा मासा दुपार आणि अवस दोन्ही पार करतो, ते या रसायनांच्या बळावर. घोडनदीच्या काठावर तुम्हाला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर आता पुरतं हाती आलं.

पालट चालू असताना मधली वेळ अडचणीची असते. शंकुपेशींना पुरेसा उजेड राहिलेला नसतो आणि दंडपेशी अजून पुढं पोचलेल्या नसतात. प्रवाळबेटांवर संशोधकांनी पाहिलंय की शिकारी मासे नेमकी हीच वेळ साधतात. मुळेवरचा मच्छीमारही पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवानं हीच वेळ साधतो. डोपामिन हा शब्द त्यानं ऐकला नसेल, पण डोपामिन उतरण्याची घटका त्याला ठाऊक आहे. ते ज्ञान प्रयोगशाळेतल्या ज्ञानाच्या शेजारी मानानं बसायला हवं.

आपल्या नगर जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणं टीएमसी, क्युसेक, आवर्तन आणि मृतसाठा यांवर येतं. मुळा 26 टीएमसीची, भंडारदरा 11 टीएमसीचं, कालव्याला इतकं, जायकवाडीला तितकं. हे हिशेब करावेच लागतात, माणसांची पिकं आणि तहान त्यांवर अवलंबून आहे. पण ज्या पाण्याची वाटणी होते, तेच त्यातल्या जिवांचा उजेड ठरवतं. उन्हाळ्यात धरण तळाला गेलं, गाळ ढवळला, सांडपाणी मिसळलं की खाली पोचणाऱ्या उजेडाचा रंग आणि प्रमाण बदलतं, आणि ज्या डोळ्यांनी पन्नास कोटी वर्षं दिवस-रात्रीचा ताल सांभाळला त्यांच्यासमोरचं जगच बदलतं. तळाशी किती पाणी राखायचं हे ठरवताना ही बाजूही मांडली गेली पाहिजे.

मुळा आणि प्रवरा यांच्या काठच्या शाळांत डोळ्याचा धडा असतो, फळ्यावर माणसाच्या डोळ्याची आकृती निघते. तिच्याशेजारी सायप्रिनसच्या डोळ्याचीही काढावी, दिवसाची एक आणि रात्रीची एक. आपल्या दृष्टीचं रसायन जगानं आपल्या धरणातल्या माशाच्या डोळ्यातून शिकून घेतलं, हे मुलांना नववी-दहावीतच कळलं पाहिजे. त्यातल्या एखादीला पुढचे प्रश्न इथल्याच पाण्यात सापडतील, आणि ते सोडवायला टोकियोला किंवा लुंडला जायची गरज तिला पडू नये, एवढी सोय आपण तिच्यासाठी जिल्ह्यातच उभी करायला हवी.